सत्तावीस क्रमांकाचे पान

गोपीचंदचा फोन आला तेव्हा मुरारी भंडाऱ्यातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसला होता. खाली पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. एखादे गिऱ्हाईक भांडे हातात घेऊन टिचकी मारून पाही. तो नाद जिन्याने वर येई, खोलीत थोडा वेळ रेंगाळे आणि विरून जाई. गेल्या चार महिन्यांत असा प्रत्येक नाद विरेपर्यंत थांबण्याची त्याला सवय लागली होती.

"मुरारीबाबू, एक काम होतं," गोपीचंद म्हणाला. तो गावच्या मासेमारांच्या संस्थेचा सचिव. "रविवारी बैठक हाये. सत्तावीस नंबर मोहल्ल्यातल्या विक्कीच्या नावानं करून ठेवजो, त्याच्या घरी नंबर नाई. फोटो पाठवतो त्याचा."

मुरारीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आयकून राहिला ना?"

"सत्तावीस तर यादोरावकाकांचा..."

"होता. आता नाई ना. दुसऱ्याच्या जाळ्यात हात घालाले गेला अन् मेला. संस्थेनं नंबर कापला. तू नाव बदल, फोटो बदल. पाच मिनिटाचं तर काम हाये तुहं."

पाच मिनिटांचेही नव्हते. मुरारीला ते ठाऊक होते, आणि आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, जी सबंध गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती: यादोराव चोरी करायला गेला नव्हता.

गाव आसगावपासून तीन-चार कोसांवरचे. मुरारीचे घर धानाची शेती करणाऱ्यांचे. तलावावर ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा मोहल्ला. संस्थेचे एक्केचाळीस सभासद, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. क्रमांक माणसाचा नसे, घराचा असे. बाप गेला की मुलाकडे, मुलगा नसेल तर मुलीकडे तो जाई, आणि ज्या घरी क्रमांक त्याच घराला तलावात जाळे टाकता येई. नियम तसे थोडेच होते, पण त्यांतला एक फार जुना आणि कडक होता. संध्याकाळी सगळे काठावर आल्याची मोजदाद झाली की सकाळपर्यंत कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. रात्रभर पसरलेली जाळी एकमेकांच्या विश्वासावर पाण्यात असत. मोजदादीनंतर जो पाण्यात सापडेल तो चोर, आणि त्याच्या घराचा क्रमांक कायमचा कापला जाई.

पूर्वी ही मोजदाद संस्थेचे अध्यक्ष मंगरूमामा तोंडाने करीत. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर उभे राहून ते एकेकाचे नाव पुकारीत आणि ज्याचे त्याने "हाओ" म्हणून उत्तर द्यायचे. मग त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. दोन वर्षांपूर्वी गोपीचंदने मुरारीला गाठले. नागपुरात संगणक शिकलेला, अबोल, मान खाली घालून चालणारा मुलगा, पण गावचा. त्याने काही मोबदला न घेता संस्थेसाठी एक वेब अॅप बनवून दिले. प्रत्येक सभासदाचे एक पान: वर फोटो, खाली नाव, आणि त्याखाली दोन बटने. 'पाण्यात' आणि 'काठावर'. सकाळी पहिले दाबायचे, संध्याकाळी दुसरे. 'पुढचा' म्हटले की पुढच्या क्रमांकाचे पान येई. पाळीवरच्या टिनाच्या शेडमध्ये गोपीचंद टॅब घेऊन बसू लागला.

ते अॅप मुरारीने ज्या पद्धतीने बांधले होते ती आज सगळीकडे रूढ आहे. पाहणाऱ्याला वाटते की आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, कारण वरच्या पट्टीतला पत्ता बदललेला दिसतो. सव्वीसच्या जागी सत्तावीस येते. प्रत्यक्षात सर्व्हरकडून कुठलेच नवे पान आलेले नसते. सुरुवातीला एकदाच सगळे घर ब्राउझरमध्ये उतरवून घेतलेले असते. त्यानंतर पत्ता बदलला की आतलाच एक द्वारपाल, ज्याला राउटर म्हणतात, तो पत्ता वाचतो आणि कोणता घटक समोर आणायचा ते ठरवतो. आणि जुन्या व नव्या पत्त्याला एकच घटक लागत असेल, तर तो मोडून पुन्हा उभारण्याचे कष्ट तो घेत नाही. खोली तीच राहते; दारावरचा क्रमांक तेवढा बदलतो. आधीचा माणूस आत जे ठेवून गेला असेल ते, कोणी आठवणीने उचलले नाही तर, तिथेच पडून राहते.

मुरारीने ते उचलले नव्हते.

रेंज असताना हा दोष कोणाला दिसणे शक्य नव्हते. नव्या माणसाची माहिती क्षणार्धात येई आणि जुनी पुसली जाई. पण कार्तिकातल्या त्या संध्याकाळी, पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी, तलावावरची रेंज काही सेकंद गेली. सव्वीस क्रमांकाचा धनराज नुकताच काठावर आला होता; गोपीचंदने त्याचे बटन दाबले, ते हिरवे झाले, आणि त्याने 'पुढचा' केले. नाव आणि फोटो टॅबमध्येच साठवलेले असत, म्हणून नाव यादोरावचे आले, फोटो यादोरावचा आला, पण खालचे हिरवे 'काठावर' धनराजचे होते तसेच राहिले. गोपीचंदला वाटले, याचे आपण मघाशीच दाबलेले दिसते. तो अठ्ठाविसावर गेला, आणि तिथे रेंज परत आली. गोपीचंद दाबायला विसरतो म्हणून मुरारीने एक सोय करून ठेवली होती: पान सोडताना जे दिसत असेल ते आपोआप जतन व्हावे. ते जतन झाले.

यादोराव त्या वेळी तलावाच्या दुसऱ्या टोकाला शिंगाड्याच्या वेलांत होता. पायाला गुरफटलेले जाळे तो सोडवत असेल. हाकही मारली असेल. पण यादी पूर्ण हिरवी झाली होती, आणि पूर्ण हिरव्या यादीकडे पाहून माणसे घरी गेली होती. रात्री त्याच्या बायकोने विचारले तेव्हा तिलाही तीच यादी दाखवली गेली. त्याचे शव सकाळी मिळाले. ज्या वेलांत ते मिळाले तिथे दुसऱ्याची जाळी लागलेली होती, आणि टॅब सांगत होता की हा माणूस संध्याकाळी काठावर आला होता. यातून गावाने जो अर्थ काढायचा तो काढला.

मुरारीने दुसऱ्याच दिवशी नोंदी उघडल्या होत्या. धनराजच्या आणि यादोरावच्या नोंदींत तीन सेकंदांचे अंतर होते, आणि यादोरावच्या पानावर बटन दाबल्याची खूणच नव्हती. त्याला कळायला चौथा सेकंद लागला नाही. क्रमांक बदलला की खोली नव्याने उभारावी, एवढे सांगणारी एकच ओळ त्याने वाढवली. दोष गेला. अशा प्रत्येक बदलासोबत दोन-चार शब्दांचा शेरा लिहायचा असतो. त्याने लिहिले, 'किरकोळ सुधारणा'. आणि तो गप्प राहिला. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता त्याचे गप्प राहणे हेच एक दुसरे कृत्य होऊन बसले, पहिल्याहून मोठे.

तेव्हापासून यादोराव त्याला दिसे. स्वप्नात नव्हे, भर दिवसा, कामात. दुसऱ्या कोणाचे अॅप असो, कापडदुकानाचे किंवा शिकवणीचे, एका पानावरून दुसऱ्यावर जाताना जो निमिषभराचा मोकळा पांढरा अवकाश असतो त्यात तो चेहरा उमटे. रुंद कपाळ आणि उन्हामुळे अर्धा मिटलेला डावा डोळा. फोटो मुरारीनेच काढला होता. "हसा ना काका," तो म्हणाला होता, आणि यादोराव म्हणाला होता, "हसलो तं मासे पळतील बे." आता तो पानांच्या मधल्या फटीत उभा असे आणि हसत नसे. मुरारी पुढचे पान उघडायला धजत नसे. एका ओळीवर तासन्‌तास बोट ठेवून बसे.

शनिवारी दुपारी तो भंडाऱ्याहून पवनीमार्गे एस.टी.ने गावी आला. मोहल्ल्याच्या वळणावर यादोरावचे घर लागते. तो नेहमीप्रमाणे मान खाली घालून झपाझप निघाला होता, तेवढ्यात सपरीतून आवाज आला.

"मुरारीभाऊ! तोंड लपवून कायले जाता दरवेळी? आमचं काही लागून नाई जाणार तुमाले."

यादोरावची मुलगी दामिनी पडवीसारख्या त्या सपरीत बसून फाटके जाळे सांधत होती. एकुलती एक. बी.ए. झालेली, आणि बापाबरोबर लहानपणापासून डोंग्यात, त्याच्या लाकडी होडीत बसलेली.

"तसं नाही," मुरारी म्हणाला.

"मंग बसा. एक विचाराचं होतं. तुमच्या त्या टॅबमधी बाबा काठावर आल्याचं लिवलं हाये. परत पाण्यात गेल्याचं काहून नाई लिवलं?"

"मोजदादीनंतर कोणी नोंद करत नाही."

"म्हंजे बाबाच्या विरोधात जाते तेवढंच त्याले दिसते. शहाणा हाये तुमचा टॅब."

"दामिने, कोन हाये वं?" आतून तिच्या आईने, धुरपताने, विचारले.

"इंजिनेर हाये, आई."

"चहा पेते का म्हणून विचार त्याले. दुरून आला असन."

मुरारी सपरीच्या कडेला बसला. दामिनीने सुईतला दोरा दाताने तोडला.

"आई एकच गोष्ट म्हणते," ती हळू आवाजात म्हणाली. "माहा माणूस काठावर आला असता तं सदरा घातला असता. सदरा तं रातभर पाळीवरच्या झाडालेच लटकून होता. सकाळी तिनंच काढून आणला. पण तिचं कोण आयकते? गोपीचंदकाका म्हणतात, चोरी कराले जाणारा सदरा काढूनच जाते. हापशीवर बाया तिले पाहून आपले पाण्याचे गुंड उचलून बाजूले सरकतात. आता ती दुपारी जाते, कोणी नसते तवा." तिने जाळे झटकले. "उद्या नंबर बी जाते म्हणतात. हे जाळं मी कोठी टाकू मंग? छतावर?"

धुरपता चहा घेऊन आली. तिने तो मुरारीच्या हातात दिला आणि उंबरठ्याला टेकून त्याच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात संशय नव्हता, हेच त्याला सहन होईना. चहा संपला. कप खाली ठेवताना तो एवढेच म्हणाला:

"उद्या काकूंना घेऊन बैठकीला या."

"आमाले बोलावलं नाई."

"मी बोलावतो आहे."

दामिनीने पहिल्यांदा हातातले काम थांबवले आणि त्याच्याकडे नीट पाहिले. तो वळून चालू लागला होता.

रविवारी सकाळी शेडसमोरच्या मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरली होती. तीसेक माणसे आली होती. मंगरूमामा गळ्याभोवती मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले होते. विक्की नवा शर्ट घालून, केस ओले करून पुढेच बसला होता. फोटो घरी काढलेला बरा आला नाही म्हणून गोपीचंदने त्याला इथेच काढू असे सांगितले होते. धुरपता आणि दामिनी मागे, ताडपत्रीच्या बाहेर, मातीवर बसल्या. कोणी त्यांना सरका म्हटले नाही आणि कोणी या म्हटले नाही.

"हा, तं विषय नंबर एक," गोपीचंदने सुरुवात केली. "सत्तावीसचा. मुरारीबाबू, केलं का विक्कीचं पान?"

"नाही."

"काहून?"

मुरारी उभा राहिला. त्याच्या हातात संस्थेचा टॅब होता. त्यात त्याने पहाटे आपल्या दुरुस्तीच्या आधीची, अॅपची जशीच्या तशी जुनी प्रत चढवली होती. इतक्या माणसांसमोर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"मोठ्यानं बोल बे," मागून कोणीतरी म्हणाले. "मंगरूमामापेक्षा बी तुहा आवाज बारीक हाये."

हशा झाला. मंगरूमामाही हसले, आवाजाशिवाय. त्या हशाने मुरारीला कसा कोण जाणे धीर आला.

"दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे," तो म्हणाला. "स्टेज एकच असतं. राजा जातो, शिपाई येतो. पण त्यासाठी कोणी स्टेज मोडून नवं बांधत नाही. माझी पानं तशी आहेत. पान एकच आहे, माणसं बदलतात. आता राजा जाताना आपला मुकुट खुर्चीवर विसरला, आणि शिपाई येऊन त्या खुर्चीत बसला, तर पाहणाऱ्याला काय वाटेल?"

"दारू पेऊन आला म्हणून वाटन," विक्की म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

मुरारी हसला नाही. त्याने टॅब सगळ्यांना दिसेल असा धरला. "धनराजभाऊ, हे तुमचं पान. सव्वीस. मी 'काठावर' दाबतो. झालं हिरवं? आता मी रेंज बंद करतो. त्या दिवशी तशीच गेली होती. आणि आता फक्त 'पुढचा' करतो. दुसरं काही नाही. बोट पाहा माझं."

त्याने 'पुढचा' केले.

यादोराव आला. रुंद कपाळ, अर्धा मिटलेला डोळा, खाली नाव, आणि नावाखाली कोणीही न दाबलेले हिरवे 'काठावर'.

मग धनराज गुडघ्यांवर उठून पुढे सरकला आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "हे... हे माहं हाये? माहं त्याच्यावर राह्यलं?"

"हो."

"म्हंजे मी गलत बटन दाबलं म्हणतोस तू?" गोपीचंद ओरडला. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"नाही, भाऊ. तुम्ही काही दाबलंच नाही. नोंदीत दाबल्याची खूण नाही. त्यांच्यासाठी कोणीच काही दाबलं नव्हतं. काका काठावर आलेच नव्हते." मुरारीचा आवाज फाटला. "तुम्ही घरी गेलात तेव्हा ते पाण्यात होते. चूक पानाची आहे, आणि पान मी बांधलं आहे. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मग एकदम सगळे बोलू लागले. कोणी मुरारीच्या अंगावर धावून आले, कोणी त्याला आवरले. गोपीचंद खाली बसला आणि दोन्ही तळव्यांत डोके धरून तेच तेच म्हणत राहिला, "मी पायलं होतं ना. हिरवं होतं ना. मी पायलं होतं."

मंगरूमामांनी हात वर केला. त्यांचे कुजबुजणे ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावे लागे. "नंबर यादोरावच्या घरचा हाये," ते म्हणाले. "घरीच राहीन. पोरगी जाळं टाकीन. विक्की, तुले काही म्हणाचं हाये?"

"नाई जी मामा." विक्की शर्टाची बटने चाचपत होता. "मले कायले पाहिजे तो नंबर."

दोन-तीन बायका उठून धुरपताजवळ जाऊन बसल्या. एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. धुरपताने तो हात हळूच बाजूला केला, उठली आणि ताडपत्रीवरून चालत मुरारीपुढे येऊन उभी राहिली.

"दुसऱ्याच दिवशी?" तिने विचारले.

"हो, काकू."

"चार महिने?"

"हो."

"काल माह्या घरचा चहा पेलास."

तिने पुढे विचारले, आणि हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. "ते हिरवं झालं नसतं, अन् कोणी आवाज दिला असता, तं वाचला असता का?"

खोटे बोलणे या घटकेला सोपे होते, कदाचित दयाळूपणाचेही. "वाचले असते," मुरारी म्हणाला. "बहुतेक वाचले असते."

धुरपताने मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवावी. मग तिने टॅबकडे बोट केले.

"ते खोटं हाये ना? मंग काढ ते. माह्यासमोर काढ."

मुरारीने ती जुनी प्रत बंद केली आणि त्या संध्याकाळची खरी नोंद उघडली. एकूण चौतीस माणसे पाण्यात गेली होती. काठावर चौतीस. त्याने सत्तावीस क्रमांकाचे पान काढले, दुरुस्तीसाठी ते खुले केले, आणि तिथे त्याचे बोट थबकले. पानावर दोनच बटने होती. तिसरे त्याने कधी बनवलेच नव्हते. असे काही लागेल हे त्या वेळी त्याच्या मनातही आले नव्हते. हिरवे काढायचे म्हणजे 'पाण्यात' दाबायचे.

"काकू, हे काढलं तर..."

"दाबा," दामिनी म्हणाली. ती केव्हा आईच्या मागे येऊन उभी राहिली होती हे त्याला कळले नव्हते.

त्याने दाबले. यादोरावच्या नावाखालचे हिरवे गेले आणि तिथे निळ्यात 'पाण्यात' असे आले. वरची बेरीज आपसूक बदलली: काठावर तेहतीस, पाण्यात एक.

धुरपताला वाचता येत नव्हते. दामिनीने ते तिला वाचून दाखवले, आधी एकदा, आणि आईने पुन्हा सांग म्हटल्यावर आणखी एकदा. धुरपताने ऐकून घेतले. "हां," ती म्हणाली, "आता बराबर हाये," आणि पाळीच्या कडेला जाऊन पाण्याकडे तोंड करून बसली. मंगरूमामा खुर्चीवरून उठले. एकेक करून बाकीचेही उठले, पण मोजदाद अजून पुरी झाली नव्हती; घराकडे कोणी निघाले नाही. गोपीचंदसुद्धा उन्हात डोळ्यांवर आडवा हात धरून शिंगाड्याच्या वेलांकडे पाहत उभा राहिला.